रविवारी मी शेगावला कशाला जात होतो

मला हार्टचा त्रास कधीच नव्हता. जानेफळात आणि आजूबाजूच्या गावांत ज्यांनी मला शहाळी आणून दिली, ज्यांनी जिना चढताना माझा दंड धरला, ज्यांनी पंगतीत माझ्या पानातली भजी "सर, तुम्हाले तेलकट चालत नाही" म्हणत उचलून स्वतः खाल्ली, त्या सगळ्यांशी मी खोटं बोललो. माझा आजार भीतीचा होता. कारण नसताना अंगावर येणाऱ्या, मरणाच्या भीतीचा. डॉक्टर त्याला पॅनिकचे झटके म्हणतात. मी त्याला काहीच म्हणत नव्हतो, कारण मी तो लपवला होता.

हे लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही. माझा चुलतभाऊ सुधाकर, ज्याच्यामुळे हे लिहायची पाळी आली, तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. हे वाचून बोलायला लागेल अशी आशाही नाही. पण ज्या कुणाला आज "तुले कायी नाही झालं" असं सांगून घरी पाठवलं असेल, त्याने हे वाचावं. आणि त्याच्या घरच्यांनी आधी वाचावं.

स्मशानात

आमच्याकडे चितेला अग्नी दिल्यावर लोक लगेच उठत नाहीत. शेडखाली बसतात आणि तिथेच शोकसभा होते. कुणीतरी उभं राहून बोलायला एकेकाचं नाव पुकारतं: सरपंच, माजी सरपंच, पाहुण्यांपैकी एक जण, मग दोन मिनिटं मौन. आमच्या गावात हे काम माझं. मी हायस्कूलला मराठी शिकवतो, आवाज बरा आहे, आणि कुणाला कुणाच्या आधी बोलवायचं हे मला कळतं. कित्येक वर्षं मी लोकांना असा निरोप दिला. वाक्य कधी अडलं नाही.

त्या दुपारी चितेवर माझ्याच शाळेतले सहकारी होते. माझ्याच वयाचे. सकाळी आंघोळीला गेले आणि बाहेर आलेच नाहीत. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "कालपर्यंत जे आपल्यात होते," आणि वाक्य पुढे सरकेना. डाव्या हाताला मुंग्या आल्या. छातीवर कुणीतरी गुडघा रोवावा तसं झालं. समोरचे लोक लांब गेल्यासारखे दिसायला लागले. आता माझी पाळी, हे मला पक्कं कळलं. वाटलं नाही, कळलं. हा फरक ज्याला झालंय त्यालाच समजेल.

सुधाकर भाज्यांची पिकअप चालवतो. त्या दिवशीही मागे वांग्याचे क्रेट होते. त्याने मला उचलून केबिनमध्ये टाकलं आणि मेहकरपर्यंत गाडी अशी हाणली की निम्मी वांगी रस्त्यावर सांडली. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा माझ्या छातीवर.

"दादा, डोये मिटू नोको. माह्याशी बोल. कायी बी बोल."

"पल्लवीले सांग," मी म्हणालो. पल्लवी माझी मुलगी. तिला काय सांगायचं ते मला सुचलं नाही.

"तूच सांग तिले. मी नाही सांगत," तो म्हणाला, आणि रडत रडत हॉर्न वाजवत राहिला.

हा माणूस लक्षात ठेवा.

"काही नाही"

दवाखान्यात छातीला वायरी लावल्या, रक्त घेतलं, चालत्या पट्ट्यावर पळवलं, सोनोग्राफीसारखं काहीतरी करून हृदय टीव्हीवर दाखवलं. सगळं चांगलं निघालं. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो: ही तपासणी करायलाच हवी होती. छातीत दुखलं तर आधी हृदयच बघायचं, घरी बसून "टेन्शन असेल" म्हणायचं नाही. माझा राग तपासणीवर नाही. तपासणी संपल्यावर जे बोललं गेलं त्याच्यावर आहे.

"काही नाही तुम्हाला. टेन्शन घेऊ नका."

रिपोर्टात काही नाही आणि माणसाला काही नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विहिरीवरचा स्टार्टर व्होल्टेज नीट असताना सारखा ट्रिप मारत असेल तर मिस्त्री काय म्हणतो? मोटर चांगली आहे, जा घरी? पिकाला पाणी तर मिळत नाही ना. मग स्टार्टर उघडून बघायला नको? माझी मोटर चांगली होती. स्टार्टर कुणी उघडलाच नाही. एकाने गॅसच्या गोळ्या दिल्या. एकाने सकाळी फिरायला सांगितलं. एक नातेवाईक म्हणाले, "शिक्षकाले काम कमी, मंग असे धंदे सुचतात." टेन्शन घेऊ नका. जसं काही मी ते पिशवी घेऊन बाजारातून आणत होतो.

घरी आल्यावर बायको मंगलाने दारातच विचारलं, "लोकाईले काय सांगायचं?"

मी म्हणालो, "हार्ट सांग. सौम्य झटका."

ते तिच्या माथी मारणार नाही. शब्द माझा होता. हार्टला आमच्याकडे मान आहे. हार्टवाल्या माणसाला लोक खुर्ची देतात. भीतीवाल्याला टोपणनाव देतात.

कडी

झटके थांबले नाहीत. वर्गात फळ्याकडे पाठ करून उभा असताना आला, न्हाव्याच्या खुर्चीत गळ्याला कापड बांधल्यावर आला, खामगावच्या बसमध्ये आला. मग मी फळ्याकडे जाणं सोडलं, न्हाव्याला घरी बोलावलं, बस सोडली. एकेक जागा गेली. शेवटी घर उरलं, आणि घरातही न्हाणीची कडी लावायची हिंमत उरली नाही. मी आत, मंगला बाहेर स्टुलावर, आणि मधून मधून मी हाक मारायची, तिने "हाव, हाये" म्हणायचं. पन्नाशीकडे झुकलेला माणूस.

पल्लवी अमरावतीला शिकत होती. मी तिला इतके फोन करायचो, तुझा बाप जातो म्हणून सांगायचो, की तिने एक परीक्षा सोडली आणि घरी आली. मी तिला ये म्हटलं नव्हतं. पण येऊ नको असंही म्हटलं नाही.

एकदा मंगला भडकली. मी मनगट पुढे केलं होतं, नाडी बघ म्हणून. तिच्या हातात चिरायला घेतलेली मेथी होती.

"आता भाजी करू का नाडी पाहू? सकायपासून तेच. मले काय झालं ते कोनी इचारते का?"

तिला मायग्रेन सुरू झाला होता. मला माहीतच नव्हतं. ती अंधाऱ्या खोलीत आडवी व्हायची तेव्हाही मी दाराशी उभा राहून विचारायचो, "माझा चेहरा पांढरा पडला का?" घरात एकच आजारी माणूस असू शकतो असं मी धरून चाललो होतो.

माडीवर

शेवटी खामगावच्या एका तरुण डॉक्टरांनी सगळे कागद चाळले आणि म्हणाले, "सर, तुमचं हृदय माझ्याहून बरं आहे. तुम्ही मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा."

"मी काय येडा आहो का?" मी म्हणालो. मोठ्याने. बाहेरच्या बाकावरचे लोक आत डोकावले.

ते शांतपणे म्हणाले, "नाही. घाबरलेले आहात. त्याचेही डॉक्टर असतात."

शेगावला अकोल्याच्या एक मॅडम रविवारी बसायच्या. खाली तुळशीमाळा, फोटो आणि उदबत्त्यांचं दुकान, बाजूने अरुंद जिना, वर दवाखाना. मी बंद केबिनमध्ये बसलो, दाराकडे तोंड करून. मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवले.

"पहिल्यांदा झालं तेव्हा कुठे होता? तिथून सांगा."

मी सांगत गेलो. स्मशान, वांगी, कडी, सगळं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग म्हणाल्या, "हे खरं आहे. तुम्ही बनवत नाही. याला नाव आहे आणि औषध आहे. बहुतेक लोक यातून बाहेर पडतात."

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. इतकं साधं वाक्य बोलायला इतक्या शिकलेल्या माणसांना काय जड गेलं होतं?

उपचाराबद्दल थोडक्यात. रोजची एक गोळी, जिचा गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला थोडी जास्तच धडधड झाली. मी फोन केला, तेव्हा मॅडम म्हणाल्या, होतं, टिकून राहा. ती गोळी मनाने बंद करायची नाही, बरं वाटलं तरी. आणि दुसरा भाग बोलण्याचा आणि करण्याचा. झटका येतो, चढतो आणि उतरतो. त्यात मरण येत नाही, हे डोक्याला वादावादी करून नव्हे, करून दाखवून पटवायचं. म्हणून जिथून पळालो तिथेच परत जायचं, थोडं थोडं. आधी न्हाणीची कडी अर्धी लावायची. मग पूर्ण. मंगलाने स्टूल उचलून स्वयंपाकघरात नेलं तो दिवस आमच्या घरात सणासारखा गेला. मग एकट्याने बसस्टँड. मग खामगावपर्यंतची बस, खिडकी नसलेल्या जागी.

शोकसभेला उभं राहायला सगळ्यात जास्त काळ लागला. पहिल्या वेळी छाती दाबली गेली, मी वाक्य पूर्ण केलं आणि खाली बसलो. लोक म्हणाले, सर फार हळवे झाले.

प्रसाद

आता ज्याच्यासाठी हे लिहितोय ते.

महिन्यातून एका रविवारी मी शेगावला जायचो. गावाला काय सांगायचं? दर्शनाला जातो. कुणी शंका घेतली नाही, घेणार तरी कशी. बाया हातात नारळ द्यायच्या, "महाराजाले माह्याकडून वाहाजा सर." मी वाहायचो, रांगेत उभं राहून, कारण गर्दीत टिकून राहणं हाही मॅडमनी दिलेल्या अभ्यासाचा भाग होता. प्रसाद आणून वाटायचो. जसजसा मी सुधारत गेलो तसतशी गावात एकच गोष्ट पसरली: सरांचं हार्ट महाराजांनी बरं केलं. मी मान डोलवायचो.

मी श्रद्धाळू माणूस आहे. देवळाशी माझं भांडण नाही. देवळाआड जो लपला त्याच्याशी आहे.

आणि मग सुधाकर माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. पाटावर, उकिडवा. टोमॅटो घेऊन जाताना भर रस्त्यात त्याने गाडी थांबवली होती आणि खाली उतरून बांधाला धरून बसला होता. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. सगळं चांगलं.

"दादा, सेम तुह्यासारखं झालं. हाताले मुंग्या, छाती जाम, आता गेलोच. डॉक्टर म्हनते कायी नाही. मले गाडीत बसाची हिंमत होऊन नाही राह्यली. तू काय केलं रे? तू कसा बरा झाला?"

मंगला भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. पल्लवीच्या लग्नाची बोलणी तेव्हा सुरू होती, मुलाकडचे पुढच्या आठवड्यात येणार होते. मी मंगलाकडे पाहिलं. तिने भाकरी उलटवली.

"शेगाव," मी म्हणालो. "दर महिन्याले जातो मी. श्रद्धा ठेव."

"मंग मले बी ने."

मी त्याला नेलं. दवाखान्यात नाही. त्या रविवारी मी माळांच्या दुकानासमोरून त्याच्यासोबत चालत गेलो आणि जिन्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दर्शनाच्या रांगेत, दोन्ही बाजूंना लोखंडी पाइप, पुढे मागे माणसं, त्याने एकदम माझा हात पकडला. त्याचा तळवा ओला होता.

"दादा. चाललो मी."

त्याच्या आत त्या क्षणी काय चाललंय हे त्या रांगेत बहुधा मला एकट्यालाच ठाऊक होतं. काय बोलायचं तेही ठाऊक होतं: हा झटका आहे, चढतोय, उतरेल, मरत नाहीस, मलाही हेच होतं. गोळ्यांची पट्टी माझ्या खिशात रुमालात गुंडाळलेली होती, आणि मॅडम चार गल्ल्यांवर बसल्या होत्या.

मी म्हणालो, "नाव घे. पाणी पी."

नीम

तो रविवारी जात राहिला. मग अनवाणी जायला लागला. गुरुवारचा उपास धरला. गुण नाही. पिकअप दारातल्या नीमाखाली उभी राहिली ती राहिलीच, तिच्या हौद्यात कोंबड्या बसायला लागल्या. त्याची बायको शोभा दुसऱ्याच्या वावरात भेंडी तोडायला जाऊ लागली. तो बाजेवर पडून असायचा. फाटकापर्यंतसुद्धा येईना.

मी भेटायला गेलो की माझ्याकडे बघून हसायचा. एकदा म्हणाला, "दादा, तुह्यावर किरपा झाली. माह्यावर काऊन होऊन नाही राह्यली? माह्या हातून कायी पाप झालं असन, पन मले आठवून नाही राह्यलं. तुले आठवते का? लहानपनापासून तू पाह्यलं ना मले."

मी घरी येऊन जेवलो नाही. पल्लवीने विचारलं म्हणून तिला सांगितलं, तो असं असं म्हणाला. तिने ताट बाजूला सारलं.

"बाबा, तुम्ही सांगता का मी सांगू?"

"तुझं लग्न..."

"माह्या लग्नाच्या नावावर खपवू नका. मी परीक्षा सोडली तवा लग्न आठवलं नाही कोनाले. तिकडचं मी पाहून घेईन."

तिने खरंच स्वतः त्या मुलाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग आता बरे आहेत ना?" संपलं. "घराण्यात वेड आहे का?" या ज्या प्रश्नाला भिऊन मी माझ्या भावाला बाजेवर पडू दिलं, तो प्रश्न कुणी विचारलाच नाही.

सकाळी मी सुधाकरच्या अंगणात गेलो आणि गोळ्यांची पट्टी बाजेवर ठेवली.

"हे काय?"

"मी हे खातो. शेगावला माडीवर डॉक्टर आहेत, मानसोपचाराच्या. मला हार्ट नव्हतंच. तुला जे आहे तेच मला होतं."

त्याने पट्टी उलटीपालटी करून पाहिली. मग उठून बसला.

"म्हंजे मी उघड्या पायानं चाललो, अन् तू माडीवर?"

"हो."

"रांगेत तुह्या हाताले धरलं होतं मी."

"हो."

"मी तुले गाडीत घातलं तवा इचारलं होतं का, की लोक काय म्हनतीन? वांगे सांडून राह्यले ते पाह्यलं का मी?" त्याचा आवाज वाढत नव्हता, तेच अवघड होतं. "मी माह्या पापाचा हिशोब करून राह्यलो, अन् तू माह्यासमोर बसून चहा पीत होता."

शोभा दाराच्या चौकटीत उभी होती. त्या घरून मी आजवर चहा न घेता कधी गेलो नव्हतो.

"दादा, आज चहा नाही ठेवत," ती म्हणाली.

मी पट्टीवरचं औषध त्याने घ्यायचं नाही, डॉक्टरांनी बघूनच द्यायचं असतं, एवढं सांगितलं आणि मॅडमचा वार, वेळ शोभाला सांगून निघालो. मला माफ कर असं म्हणायचं होतं. शोकसभेत इतक्या लोकांबद्दल बोललेला माणूस, एक वाक्य जमलं नाही.

बाक

तुमच्या घरात असं कुणी असेल तर एवढंच करा: "काही नाही" म्हणू नका. "नाटक" म्हणू नका. आणि तुम्ही त्यातून बाहेर पडला असाल तर कसे बाहेर पडलात ते खरं सांगा. अर्धं सांगितलं तर ऐकणारा उरलेला अर्धा स्वतःच्या पापाने भरून काढतो.

पुढच्या रविवारी बसस्टँडवर सुधाकर आणि शोभा उभे होते. त्याने शोभाचा पदर मुठीत धरला होता. बसमध्ये तो माझ्याजवळ बसला नाही. खामगावच्या अलीकडे त्याचा श्वास चढलेला मला मागून दिसला. शोभाने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता, आणि मी माझ्या जागेवरून उठलो नाही, कारण तो हक्क मी घालवला होता.

दवाखान्यात गर्दी होती. बाक जिन्याच्या तोंडापर्यंत आलेला. आम्ही तिघं ओळीने बसलो, मध्ये शोभा. तेवढ्यात खालच्या दुकानातून माळ घेऊन आमच्या गावच्या कांताकाकू बाहेर आल्या आणि वर बघून ओरडल्या, "अहो सर, झालं का दर्शन?"

"हो, आताच..." मी म्हणालो. तोंडाला सवय होती.

"नाही काकू," सुधाकर म्हणाला. आवाज कापत होता, पण सगळ्या जिन्याला ऐकू गेला. "डोक्याच्या डॉक्टरकडे आलो. मले बी तेच हाय अन् याले बी. याले तर माह्या आधीपासून."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "मंग तुमचं हार्ट?"

"नव्हतंच, काकू," मी म्हणालो.

"अन् मी शहाळे आनले ते?"

"ते तर पेलो आम्ही," शोभा म्हणाली, "अर्धे आमच्याच घरी धाडत होते." आणि तिला हसू आलं. ते तिने पदराने दाबलं, माझ्यासाठी नव्हतं म्हणून.

आतून नाव पुकारलं. सुधाकर उठला, दाराशी गेला, आणि आतली बंद खोली बघून थबकला. मग मागे वळून मला म्हणाला, "तू बी चाल. पन बोलजो नोको. मी सांगतो."

मी आत जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो. मॅडमनी त्याला तेच विचारलं, जे मला विचारलं होतं: कुठून सुरुवात झाली, तिथून सांगा.

त्याने माझ्याकडे बोट केलं.

"याच्यापासून, मॅडम," तो म्हणाला, आणि सांगायला लागला.